हातासरशी

आमच्या आईच्या तोंडी दिवसातून निदान दहा वेळा येणारा शब्द म्हणजे 'हातासरशी'. "अगं, पाणी प्यायला उठलीच आहेस तर हातासरशी गॅस बारीक कर." "गच्चीवर चाललीच आहेस तर हातासरशी वाळलेले कपडे घेऊन ये." "नारळ खवायला बसलीच आहेस तर हातासरशी उद्याचाही खवून ठेव." लहानपणी मला या शब्दाचा मनस्वी राग यायचा. कारण त्याच्यामागे नेहमी एक जादाचं काम दबा धरून बसलेलं असायचं. एका कामासाठी उठावं आणि चार करून परत यावं. शेवटी शेवटी तर मी तहान लागली तरी उठायचे नाही!

हाच शब्द पुढे चाळिशीत, एका गॅरेजमध्ये, ग्रीसने माखलेल्या हातांच्या माणसाकडून मला नव्याने शिकावा लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण झालं तसंच. त्याचीच ही गोष्ट. गोष्ट गाडीची आहे, पण शेवटी शेवटी ती थोडी गाडीबाहेर जाते. सांभाळून घ्या.

तर आमची गाडी २००९ सालची. छोटी, पेट्रोलवर चालणारी, पांढरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे काही झालं त्यात गाडीचा काडीचाही दोष नाही. दोष सगळा माझा. नवरोबांना गाडी चालवायला आवडते, सांभाळायला नाही. त्यामुळे हवा, ऑइल, सर्व्हिसिंग, विमा, पीयूसी हे खातं पहिल्यापासून माझ्याकडे. आई साताऱ्याला एकटी असते, मी पुण्यात. महिन्या-दीड महिन्यातून खंबाटकी घाट ओलांडून एक चक्कर ठरलेली. त्यामुळे गाडी धड असणं ही आमच्याकडे चैन नव्हे, गरज आहे.

२०१८ च्या जानेवारीत गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनात वरखाली होणारे पिस्टन आणि उघडझाप करणारे व्हॉल्व्ह यांचा ताल जमवून ठेवणारा हा एक दातेरी रबरी पट्टा. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत त्याच्या जागी चेन असते, पण त्या काळच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत पट्टाच होता. रबर असल्यामुळे तो किलोमीटरने झिजतो आणि वयानेही म्हातारा होतो. तुटला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग खर्चाचा आकडा ऐकून आपणच खाली बसतो. म्हणून तो तुटायची वाट न बघता, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी बदलायचा.

तेव्हा मी ज्या गॅरेजमध्ये जात होते तिथल्या माणसाने विचारलं होतं, "मॅडम, बेल्टच्या मागे वॉटर पंप आहे, सील आहेत. तेही बघून घ्यायचे का?"

आता बाईमाणूस एकटी गॅरेजमध्ये उभी असली की तिच्या डोक्यात एक घंटा कायम वाजत असते. 'हा आपल्याला फसवतोय.' मैत्रिणींच्या ऐकलेल्या कहाण्या, मामेभावाने दिलेला सल्ला ('ते सांगतील ते सगळं करू नकोस हं, बिल फुगवतात'), सगळं एकदम आठवलं. मी मान ताठ करून म्हणाले, "फक्त बेल्ट बदला. बाकी कशालाही हात लावू नका."

त्याने खरंच कशालाही हात लावला नाही.

जुलैमध्ये, ऐन पावसात, गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसायला लागलं. वॉटर पंप गळत होता. पंप बदलायचा म्हणजे पुन्हा इंजिनाला खालून जॅक लावा, एका बाजूचं माउंटिंग सोडा, बाहेरचे पट्टे काढा, कव्हर काढा, सहाच महिन्यांपूर्वी घातलेला टायमिंग बेल्ट उतरवा, आणि मग पंप. नवीन कूलंट. मजुरी पुन्हा तेवढीच.

सप्टेंबरमध्ये, गणपती झाल्यावर, तिसरी खेप. या वेळी क्रँकच्या टोकाचं ऑइल सील पाझरत होतं. हे सील म्हणजे रबराची एक कडी, पंपाच्या मानाने अगदी किरकोळ किमतीची. पण तिच्यातून आलेलं तेल टायमिंग बेल्टवर उडालं होतं, आणि तेल लागलेलं रबर फुगतं, मऊ पडतं. म्हणजे नऊ महिन्यांचा बेल्टही गेला. तिसऱ्यांदा तेच माउंटिंग, तेच कव्हर, तेच बोल्ट.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आईच्या मावसबहिणीची पंच्याहत्तरी होती, साताऱ्याला. आईला साडी नेसवून, फुलं घेऊन, मिरवत घेऊन जायचं असं मी दोन महिने ठरवलं होतं. गाडी पोट उघडं टाकून गॅरेजमध्ये. मी स्वारगेटहून एसटीने गेले, उशिरा पोचले, आणि आई तोवर शेजाऱ्यांच्या रिक्षातून एकटीच जाऊन आली होती. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "गाडी अजून तशीच का गं?" त्या 'अजून' या शब्दाने जे लागायचं ते लागलं.

परत आल्यावर मी गॅरेज बदललं. (माणसाचा स्वभाव! चूक आपली असली की आधी गॅरेज बदलावंसं वाटतं.) आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत वडाखाली एक मिस्त्री बसतात. दोन गाड्या मावतील एवढा पत्र्याचा शेड, एक पोरगा हाताखाली, आणि भिंतीवर खडूने लिहिलेले गाड्यांचे नंबर. मी बिलांची फाइल घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तिन्ही बिलं एकाखाली एक ठेवली, नुसत्या मजुरीच्या ओळींवर बोट फिरवलं आणि म्हणाले,

"ताई, एकच दार तुम्ही तीनदा उघडलंय. खोलायचेच पैसे असतात ओ. आतलं सामान त्या मानानं स्वस्त असतंय."

मी म्हटलं, "मला वाटलं तो मला फसवतोय."

"काही फसवतात की. नाही कशाला म्हणू?" मिस्त्री म्हणाले. "पण मग विचारायचं असतंय, की बाबा, हे आत्ता केलं नाही आणि पुढं गेलंच, तर पुन्हा काय काय खोलावं लागंल? त्यानं जर सांगितलं की हेच सगळं, तर ते हातासरशी करून घ्यायचं. त्यानं सांगितलं की छे, ते तर दुसऱ्याच बाजूला आहे, तर मग कशाला? ते ज्या दिवशी त्या बाजूला जाऊ त्या दिवशी."

हातासरशी! पुण्यातल्या एका गॅरेजात, जॅकवर चढवलेल्या गाडीशेजारी उभी राहून मी आईचा शब्द ऐकत होते. आणि पहिल्यांदाच मला कळलं की त्या शब्दात 'आणखी काम' हा अर्थ नाहीच. अर्थ आहे तो हाताचा. हात जिथे आधीच पोचलाय, तिथलं काम. आई मला गच्चीवरून कपडे आणायला सांगायची ती मी गच्चीवर चाललेली असताना. मी स्वयंपाकघरात असताना तिने कधीही 'हातासरशी गच्चीवर जाऊन ये' असं म्हटलं नव्हतं. एवढी बारीक गोष्ट कळायला मला बेचाळीस वर्षं आणि तीन बिलं लागली.

त्यानंतर मी मिस्त्रींकडे जाताना एक छोटी वही न्यायला लागले. गाडीत जे काही खुपेल ते त्यात लिहायचं, आणि ते त्यांना दाखवायचं. ते त्यातल्या कुठल्या ओळी एकत्र बांधायच्या ते सांगायचे. हळूहळू मलाही उमजायला लागलं. एकत्र करायची कामं वेगवेगळ्या कारणांनी एकत्र येतात.

पहिलं कारण म्हणजे दार एकच असतं. टायमिंग बेल्ट, त्यामागचा पंप, ताण देणारी पुली, सील. किंवा क्लच. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढा उतरवल्यावर नुसती प्लेट बदलून प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग जुनंच ठेवणं म्हणजे आंघोळ करून पुन्हा तेच मळके कपडे घालण्यासारखं. शिवाय तेव्हाच क्रँकच्या मागच्या बाजूचं सील पाझरतंय का ते नुसतं डोळ्यांनी बघून होतं, एरवी ते दिसतच नाही. आमच्या नवरोबांची ऑफिसला जायची स्कूटर आहे, तिचंही तसंच. मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर काढावा लागतो. मग मागचा टायर बदलायच्या दिवशीच मागचे ब्रेक शू बघून घ्यायचे, झिजत आले असतील तर बदलून टाकायचे.

दुसरं कारण, काढून टाकायचं तेल किंवा पाणी एकच असतं. पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचे रबरी पाइप यांपैकी कशालाही हात लावला की कूलंट सांडणारच. मग कूलंट बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्हीची गाठ घालायची. भावाच्या जुन्या मोटारसायकलच्या क्लच प्लेट तर इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, त्यामुळे त्या बाजूचं कव्हर काढायचं तर आधी ऑइल काढावं लागतं. तो दर वेळी ऑइल बदलून आठ दिवसांनी क्लचची तक्रार घेऊन जायचा. नवंकोरं ऑइल पातेल्यात!

तिसरं कारण मला सगळ्यात आवडलं. काही सुटे भाग हे नवरा-बायकोसारखे एकमेकांबरोबर झिजतात. मोटारसायकलची चेन आणि तिची पुढची-मागची दोन्ही चक्रं. चेन लांबते, चक्राचे दाते तिच्या लांबण्याप्रमाणे झिजतात, आणि दोघांचं बरं चाललेलं असतं. त्यांतलं एक नवीन आणलं की नव्याला जुनं लवकर खाऊन टाकतं. म्हणून तो सेटच घ्यायचा. एका बाजूचे ब्रेक शू बदलले तर त्याच जोडीतले दुसऱ्या चाकाचेही बदलायचे, नाहीतर गाडी ब्रेक लावल्यावर एका अंगाला ओढते.

आणि एकत्र करायचं म्हणजे कसंही गोळा करायचं असं नाही, त्याला क्रम लागतो. व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आधी अलाइनमेंट करून मग टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. चाकातली हवा गाडी थंड असताना तपासायची. आमच्या गाडीचे टॅपेटही इंजिन थंड असतानाच लावायचे असतात, पण ऑइल मात्र कोमट असताना काढलं की तळाच्या गाळासकट नीट वाहून येतं. म्हणून मिस्त्री गाडी आदल्या रात्रीच लावून जायला सांगतात. सकाळी आल्या आल्या प्लग काढून थंड इंजिनावर टॅपेट, त्याच वेळी वरच्या कव्हरचं गॅस्केट नवीन, मग गाडी चालू करून गल्लीला एक चक्कर, आणि मग ऑइल. उलट्या क्रमाने केलं तर इंजिन थंड व्हायची वाट बघत अर्धा दिवस चहा पीत बसावं लागेल. मला हे बघताना आईचा सणाच्या दिवशीचा स्वयंपाक आठवला. पुरणाची डाळ आधी शिजत टाकायची, तिचा कट काढला की हातासरशी आमटीला फोडणी, आणि तळण सगळ्यात शेवटी, एकाच कढईत आधी कुरडया-पापड आणि मग भजी. कधी भजी आधी केली तर तेलात राहिलेला पिठाचा चुरा करपून पापडांना चिकटतो, असं ती म्हणते.

खरं तर मोठमोठ्या संस्थाही हेच करतात. मुंबईच्या लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक घ्या. मुंबईकर त्याला कितीही शिव्या घालोत, पण एकदा गाड्या थांबवायच्याच आहेत तर रूळवाले, सिग्नलवाले आणि वरच्या विजेच्या तारेवाले अशा सगळ्यांनी त्याच तासांत आपापलं काम उरकून घ्यायचं, हा त्यामागचा विचार. किंवा आमच्या पुण्यातला 'गुरुवारी पाणी बंद'! त्या सूचनेत विद्युत, पंपिंग आणि स्थापत्य विषयक कामं असं एका दमात लिहिलेलं असतं. लहानपणापासून वाचत आलेय, पण आत्ता कुठे त्यातल्या 'आणि'कडे लक्ष गेलं. पाणी तर बंद करायचंच आहे, मग तिघांनीही आपलं काम करून घ्या. हातासरशी. (याच न्यायाने रस्ता डांबरी करायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या केबली टाकून घेतल्या तर.. असो.)

मात्र नव्याने बाटलेला जरा जास्तच कडवा असतो, तसं माझं झालं. २०१९ च्या उन्हाळ्यात मी वहीत अठरा ओळी लिहून मिस्त्रींपुढे ठेवल्या. "सगळं एकदम करून टाका." त्यांनी नऊ ओळी खोडल्या. म्हणाले, "यातलं निम्मं चांगलं चाललंय. चांगलं चाललेलं कशाला उपटायचं? आणि एका दिवसात अठरा ठिकाणी हात घातला आणि उद्या गाडी नवा आवाज करायला लागली, तर तो कशाचा म्हणायचा? मला अठरा ठिकाणी कान लावावा लागंल." नवा भागही कधी सदोष निघतो, बसवताना माणसाचाही हात चुकतो. म्हणजे हातासरशीला एक कुंपण आहे. हात तिथे आधीच असला पाहिजे, आणि काम तिथलंच असलं पाहिजे. त्यापलीकडची नुसती हाव.

हे एक कुंपण मी शिकले. दुसरं शिकायचं राहिलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी गाडीचा ब्रेक पेडल जरा मऊ लागायला लागला. म्हणजे ब्रेक लागायचा, पण पाय नेहमीपेक्षा थोडा जास्त खाली जायचा. ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंग होतंच. चाकं तेव्हा काढायची होती, टायर पुढचे मागे करायचे होते. मी शहाण्यासारखं वहीत लिहिलं, 'ब्रेक थोडा मऊ. सर्व्हिसिंगला बघणे.' आणि स्वतःवर खूश झाले. एका फेरीत दोन कामं!

दोनेक दिवसांनी भाजी घेऊन येताना मिस्त्रींच्या शेडवरून जात होते. सहज वही दाखवली. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही ओळ इथं कशी काय?"

"चाकं काढणारच आहोत ना तेव्हा. हातासरशी.."

त्यांनी वही मिटली आणि हात पुढे केला. "चावी द्या."

"आत्ता? अहो, भाजी आहे हातात."

"भाजी पोरगा घरी पोचवील. चावी द्या ताई. आणि घाटातनं गेला नाहीत ना मधी?"

गेले नव्हते. जाणार होते. त्या रविवारी साताऱ्याला जायचं ठरलं होतं, खंबाटकीतून.

मागच्या उजव्या चाकाचा ड्रम काढला तर आत सगळं ओलं. व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेक ऑइल थेंब थेंब करून शूवर उतरत होतं. वरच्या डबीतली पातळी खूणरेषेच्या खाली गेली होती. मिस्त्रींनी सिलिंडर बदलला, तेलाने भिजलेले शू बदलले, जोडीला डाव्या चाकाचेही बदलले, जुनं ब्रेक ऑइल काढून नवीन भरलं, चारही चाकांतून हवा काढली. म्हणजे तिथेही हातासरशी झालंच. पण तातडीच्या कामाच्या पोटात बाकीची कामं गेली. बाकीच्या कामांची वाट बघत तातडीचं काम बसून राहिलं नाही.

हात पुसत ते म्हणाले, "ब्रेक, स्टिअरिंग, टायर. ह्यांना रांग नसते. ह्यांनी दार वाजवलं की उठायचं. बाकीच्यांना म्हणायचं, बसा, तुमचाही नंबर येईल."

मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं. त्या रविवारी घाट उतरताना दर वळणावर माझा पाय ते वाक्य म्हणत होता.

साताऱ्याला आई नेहमीसारखीच होती. नवरात्रातली धावपळ, शेजारणींची ये-जा. मी संध्याकाळी लगेच परत निघाले. निघताना तिने पिशवीत शेंगदाण्याची चटणी दिली, भाऊबीजेला चार दिवस राहायला ये म्हणाली. बस्स.

भाऊबीजेला गेले, २९ ऑक्टोबरला. संध्याकाळी दिवे लावताना ती एका पणतीत तेल घालत होती आणि तेल बाहेर पडत होतं. मी म्हटलं, "आई, अगं बाहेर सांडतंय." ती म्हणाली, "हो, या बाजूने जरा पडदा आल्यासारखं दिसतं हल्ली."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"घटस्थापनेच्या सुमाराला आधी वीज चमकल्यासारखं व्हायचं. मग काळे ठिपके. मग हे. म्हटलं, तू दिवाळीला येणारच आहेस. तेव्हा हातासरशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. चष्म्याचा नंबरही काढायचाच आहे."

महिना झाला होता. म्हणजे मी त्या रविवारी मिस्त्रींचं वाक्य घोकत तिच्या दारात उभी होते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे विजा चमकत होत्या. मला ब्रेकचं सगळं सांगून झालं होतं, तिनेही कौतुकाने ऐकून घेतलं होतं. आणि स्वतःची ओळ तिने मनातल्या मनात दिवाळीच्या रकान्यात लिहून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घेऊन पुण्याला निघाले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा सरकलाय. ऑपरेशन लगेच करावं लागेल. अशा वेळी विजा चमकणं, अचानक काळे ठिपके दिसणं आणि एका बाजूने पडदा येणं या खुणा असतात, आणि त्या दिसल्या की त्याच दिवशी यायचं असतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं. डोळा वाचला, दृष्टी काही परत आली, सगळी नाही. उजव्या डोळ्याने तिला माणूस दिसतो, त्याचा चेहरा नीट दिसत नाही. डाव्या डोळ्याने ती रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, कोडं सोडवते. सुईत दोरा ओवायचा मात्र बंद झाला. आणि तिने मला आजपर्यंत एकदाही असं म्हटलं नाही, की तुझ्या येण्याची वाट बघत होते म्हणून हे झालं. मीच ते म्हणते, स्वतःशी, अधूनमधून.

तिला रागवायला मला तोंड नव्हतं. ब्रेक मऊ लागल्यावर मीही तेच केलं होतं. फरक एवढाच, की माझी वही कुणीतरी वेळेवर बघितली.

कामं एकत्र करण्याची सवय चांगलीच आहे, ती मी सोडलेली नाही. वेळ वाचतो, पैसे वाचतात, तेच तेच बोल्ट पुन्हा पुन्हा सोडले जात नाहीत. २०२४ मध्ये गाडी पंधरा वर्षांची झाली, तेव्हा फिटनेस तपासणीच्या आधी महिनाभर नीट ठरवून सगळी कामं दोनच फेऱ्यांत बसवली आणि रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलं. मिस्त्रींनी त्या दिवशी पहिल्यांदा मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. पण वाट बघणं स्वस्त पडतं ते फक्त वाट बघू शकणाऱ्या कामांचं. वॉटर पंप जुना झाला असेल तर तो बेल्टची वाट बघू शकतो. गळता ब्रेक नाही बघू शकत. चष्म्याचा नंबर दिवाळीपर्यंत थांबतो, डोळ्यांपुढची वीज थांबत नाही. आणि कुठलं काम कुठल्या जातीचं हे जो वाट बघतोय त्याला स्वतःला बहुतेक वेळा कळत नाही. म्हणून ते मनात ठेवायचं नसतं, कुणाला तरी दाखवायचं असतं.

आता माझ्या वहीत मधोमध एक उभी रेघ आहे. डावीकडे 'हातासरशी', उजवीकडे 'आत्ता'. तशीच एक वही आईकडेही दिलीय. तिच्या टेलिफोनशेजारी दोरीने पेन बांधून ठेवलंय. दर रविवारी सकाळी फोनवर आम्ही दोघी आपापल्या वह्या एकमेकींना वाचून दाखवतो. माझ्या वहीत वायपरचं रबर, मागच्या दाराचा खडखडाट. तिच्या वहीत गुडघा, संपत आलेल्या गोळ्या, गच्चीच्या पाइपाची गळती. रविवार यायच्या आत काही झालं तर लगेच फोन करायचा असा करार आहे.

परवा बुधवारी सकाळी साडेसहाला फोन आला. माझ्या छातीत धस्स झालं.

"अगं, स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतोय रात्रीपासून. हे कुठल्या बाजूला लिहू?"

मी पलंगावर बसून मोठा श्वास घेतला. म्हटलं, "डावीकडे लिही आई. आणि प्लंबर येईल तेव्हा बाथरूमचाही वॉशर बदलून घे."

"ते मला सांगू नकोस," आई म्हणाली, "हातासरशी काय काय करायचं ते मला कळतं."